खड्डा बुजवण्यापुरतं घर

बायकोने ताट वाढता वाढता सांगून टाकलं, की या वेळी घर तुम्हीच ठरवायचं आणि मी मध्ये एक शब्दही बोलणार नाही. दातवाल्याच्या हातातला घास हातातच राहिला. लग्न झाल्यापासून ती मध्ये एक शब्दही बोलली नाही असं कधी झालं नव्हतं, आणि झालंच तर ते फार वाईट लक्षण असणार, एवढी अक्कल त्याला संसाराने दिली होती.

दातवाला म्हणजे दातांचा डॉक्टर नव्हे. डॉक्टर दात काढतो, हा दात बनवतो. एका लॅबमध्ये तो कवळ्या करायचा, आणि चांगल्या करायचा. पण लोकांना हा फरक कळत नसे. कुठल्याही कार्यक्रमात कोणीतरी त्याला कोपऱ्यात गाठून आ करून उभं राहायचं. सुरुवातीला तो समजावून सांगायचा. पुढे पुढे तो नुसतं आत डोकावून "हं" म्हणायला लागला, आणि त्या "हं"वर लोक समाधान मानून परत जेवायला जायचे.

तर बायकोची अट एकच होती. "असं घर ठरवा, की परत सामान बांधायला लागणार नाही."

या अटीमागे इतिहास होता. आधीची दोन्ही घरं दातवाल्यानेच पसंत केली होती. पहिलं घेतलं, कारण तिथे सकाळचं ऊन छान यायचं. राहायला गेल्यावर कळलं की दुपारचं आणि संध्याकाळचंही तिथेच येतं. दुसरं घेतलं ते शांतता बघून. पाहायला गेले तो नेमका रविवार होता, आणि शेजारचं पत्र्याचं वर्कशॉप रविवारी बंद असायचं. बायको घरी पडदे शिवायची. प्रत्येक वेळी घर बदललं की हळूहळू जोडलेलं गिऱ्हाईक मागे राहायचं, कारण गिऱ्हाईक काही कपाटासारखं टेम्पोत चढवता येत नाही. आता तिने शांतपणे सांगितलं होतं, "तिसऱ्यांदा तुटलं तर मी मशीन विकून टाकणार. मला परत पहिल्यापासून सुरू करायचा कंटाळा आलाय." ती ओरडली असती तर दातवाल्याला बरं वाटलं असतं. पण ती ओरडली नाही.

घर बदलणं भागच होतं, कारण लॅब लांब गेली होती. शहराबाहेर एक टेकडी होती. टेकडीच्या माथ्यावर एक उपनगर आणि पायथ्याशी दुसरं, आणि लॅब बरोब्बर मधल्या चढावर. वरच्या गावातून लॅबपर्यंत जितकं उतरायचं, तितकंच खालच्या गावातून चढायचं. म्हणजे अंतरावरून निकाल लावायची सोयच नव्हती.

दोन्ही गावांचं एकमेकांशी पटत नसे. वरचे म्हणायचे, खाली पाणी तुंबतं. खालचे म्हणायचे, वर पाणी चढत नाही. दोघंही खरं बोलत होते, त्यामुळे पंचाईत होती.

सल्ले मात्र भरपूर मिळाले. त्यांच्या सध्याच्या इमारतीत तळमजल्यावर भूगोलाचे एक निवृत्त मास्तर राहायचे. त्यांनी दातवाल्याला बसवून घेऊन टेकडीवरच्या वाऱ्यांची दिशा समजावून सांगितली आणि शेवटी म्हणाले, की माणसाने उंचावर राहावं. मग दातवाल्याला आठवलं की मास्तर स्वतः आयुष्यभर तळमजल्यावर राहिलेत. इस्त्रीवाला म्हणाला, खालीच जा, वरच्या लोकांच्या कपड्यांना सुरकुत्याच पडत नाहीत, कारण ती माणसं कधी बसतच नाहीत. याला सल्ला म्हणायचं की काय, ते दातवाल्याला कळेना. पण त्याने तोही डोक्यात ठेवला.

आणि मेव्हणा. बायकोचा थोरला भाऊ. हा विम्यात होता, आणि विम्यातल्या माणसाला जशी दुसऱ्याच्या भविष्याची खात्री असते तशी याला होती. तो वरच्या गावात राहायचा. त्याच्याच सोसायटीत एक फ्लॅट रिकामा होता. लिफ्ट, टँकरच्या जोरावर चोवीस तास पाणी, खाली बाग. मेव्हण्याने घरमालकाशी बोलणी करून, हो म्हणून, किल्लीसुद्धा मागून ठेवली होती. "भावोजी, तुम्ही फक्त मान हलवा," असं तो म्हणायचा, आणि दातवाल्याची मान आपोआप हलायला लागायची. मेव्हण्यासमोर त्याचा स्वतःच्या मानेवर पहिल्यापासूनच विश्वास नव्हता.

पण या वेळी दातवाल्याने ठरवलं, की हे काम आपल्या पद्धतीने करायचं. माणूस शेवटी ज्या धंद्यात मुरतो त्याच धंद्याने विचार करतो. आता कवळी काही एकदम करून तोंडात कोंबत नाहीत. आधी ती मेणात बसवतात. मेणाच्या हिरडीवर दात लावायचे, आणि पेशंटला तोंडात घालून पाहायला द्यायचे. मग त्याला बोलायला लावायचं, हसायला लावायचं, अलगद चावून पाहायला सांगायचं. मेण असेपर्यंत सगळं बदलता येतं. एकदा पक्कं झालं की मग रडत बसा. दातवाल्याच्या मते जगातली निम्मी दुःखं मेणाची ट्रायल न घेतल्यामुळे झाली होती, आणि त्यात त्याची आधीची दोन घरं होती.

म्हणून त्याने गावांची ट्रायल घ्यायचं ठरवलं. राहायच्या आधी राहून पाहायचं. म्हणजे सकाळी त्या गावात जायचं, त्या रिकाम्या घरासमोर उभं राहायचं, आणि जणू आपण आत्ताच आंघोळ करून बाहेर पडलोय असं समजून कामाला निघायचं. वाटेत बोलायचं, हसायचं, बसून डबा खायचा. जमलं तर एखादी तक्रारही करून पाहायची, कारण गावाचा खरा चावा नगरपालिकेत कळतो.

बायकोला त्याने हे सांगितलं. तिने शब्द दिला होता म्हणून ती काही बोलली नाही. पण तिने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिचं भाषांतर करायची गरज नव्हती.

वरच्या गावात तो डबा घेऊन सकाळीच पोचला. सोसायटीच्या दारात उभं राहून त्याने एक मोकळा श्वास घेतला आणि नुकताच घराबाहेर पडल्यासारखा चेहरा केला. वॉचमनने विचारलं, कोणाकडे आलात.

"कोणाकडे नाही. मी इथून कामाला निघालोय."

"इथे राहता?"

"अजून नाही."

वॉचमनने यावर बराच विचार केला. दातवाल्याने तेवढ्यात बोलण्याची ट्रायल सुरू केली. जिन्यावरून एक गृहस्थ उतरले, त्यांना तो म्हणाला, आज हवा छान आहे. गृहस्थांनी आधी हवेकडे आणि मग याच्याकडे पाहिलं आणि गाडीत बसून काच वर केली. एका बाईंना तो म्हणाला, लिफ्ट बरी चालते ना. बाई म्हणाल्या, तुम्ही लिफ्टचे का, परवापासून बोलावतोय. आणि त्यांनी त्याला चौथ्या मजल्यापर्यंत नेऊन एक आवाज ऐकवला. दातवाल्याने सवयीने "हं" केलं. बाईंचं समाधान झालं.

मग राहिली हसण्याची ट्रायल. आता एकटं उभं राहून हसणं सोपं नसतं. कवळीच्या वेळी डॉक्टरीणबाई पेशंटला काहीतरी गंमत सांगतात. इथे कोणी सांगेना. म्हणून दातवाल्याने स्वतःलाच लॅबमधला एक जुना किस्सा आठवून दिला आणि बागेच्या कडेला उभा राहून मनापासून हसला. बाग स्वच्छ होती, हसणं चांगलं घुमलं. दोन आया आपापली पोरं उचलून आत गेल्या.

थोड्या वेळाने मेव्हण्याला सेक्रेटरीचा फोन गेला, की तुमचे कोणी नातेवाईक खाली उभे राहून एकटेच हसतायत, तर खाली येता का. मेव्हणा लुंगीवर खाली आला. त्या सोसायटीत लुंगीवर खाली येणारा तो पहिलाच माणूस असावा, कारण त्याचीही नोंद झाली. हा अपमान मेव्हणा पुढे कितीतरी दिवस विसरला नाही.

दातवाला तिथून निघाला तो नगरपालिकेत गेला. ऑफिस कसं, तर चकचकीत. टोकन, काच, काचेमागे हसरी बाई. याने सोसायटीसमोरच्या बंद दिव्याची तक्रार सांगितली. बाईंनी रहिवासी पुरावा मागितला.

"मी अजून इथे राहत नाही," तो म्हणाला.

"मग तक्रार कशी घेणार? आधी राहा."

"राहायचं की नाही हे ठरवायलाच तक्रार करतोय."

बाई परत हसल्या, आणि पुढचं टोकन पुकारलं. दातवाल्याच्या लक्षात आलं, की वरच्या गावात सगळं व्यवस्थित होतं. त्या व्यवस्थेत आपण कुठे उभं राहायचं एवढंच ठरलेलं नव्हतं. तरीही त्याने मनात वरच्या गावाला बरे मार्क दिले. पाणी खरंच चोवीस तास होतं. आणि मेव्हण्याला नाही म्हणायचं, हे त्याला अजून जमायचं होतं.

दुसऱ्या दिवशी खालचं गाव.

खालच्या गावात एका अरुंद गल्लीत नर्सबाईंचं घर होतं. बाई हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या, वरच्या मजल्यावर ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर भाड्याने, आणि तळमजल्याच्या रस्त्याकडच्या दोन खोल्या रिकाम्या. दातवाला दारात जाऊन उभा राहिला आणि चेहरा करायला लागला. चेहरा पूर्ण व्हायच्या आत समोरच्या किराणावाल्याने हाक मारली, उभे काय, बसा की. आणि त्याने पोत्यामागून एक स्टूल सरकवलं.

पुढे ट्रायलचं काय झालं हे दातवाल्याला नीट सांगता आलं नसतं. बोलायचं त्याच्या वाट्याला आलंच नाही, सगळं गल्लीवालेच बोलत होते. तो कवळ्या करतो म्हटल्यावर तीन जणांनी तिथल्या तिथे आ केला. हसायचं म्हणाल, तर ड्रायव्हिंगच्या मास्तरांनी त्यांची एक विद्यार्थिनी गाडी थेट न्हाव्याच्या दुकानात घेऊन गेली होती ती हकीकत सांगितली, आणि स्वतः न्हाव्याने मध्ये मध्ये दुरुस्त्या केल्या. डबा उघडला तर नर्सबाईंनी दारातून विचारलं, मीठ बरोबर पडलंय का. डबा बायकोने केला होता. दातवाल्याने तिची बाजू घेतली. मग बायको काय करते, पडदे कसले, किती दिवसांत देते, सगळं निघालं. त्याला कामाला उशीर झाला. गल्लीला तुंबलेल्या गटाराचा वास येत होता. तासाभराने तो वास आपल्याला कळेनासा झालाय, हेही त्याने नोंदवलं आणि घाबरला.

पण पद्धत म्हणजे पद्धत. तो दुपारची सुट्टी काढून खालच्या नगरपालिकेत गेला. हे ऑफिस म्हणजे एक मोठी खोली होती आणि खोलीत रांगांचा गुंता. गटाराची रांग दारातून बाहेर गेली होती. शेजारी एक रांग अगदी छोटी होती. दातवाला छोट्या रांगेत उभा राहिला. आपण जो विचार करतो तोच त्याने केला, की ऑफिस एकच आहे, कुठेतरी नोंद झाल्याशी कारण.

ती रांग रस्ता खोदायची परवानगी मागणाऱ्यांची होती.

खिडकीतल्या साहेबांची जेवायची वेळ झाली होती. त्यांनी विचारलं, कुठे खोदायचंय. याला वाटलं काय कर्तबगार माणूस आहे, तक्रार ऐकायच्या आधीच खोदायला निघाला. याने गल्ली सांगितली. का, तर गटार तुंबलंय. कोण खोदणार, तर अर्थात तुम्हीच. साहेबांनी शिक्का मारला आणि डबा उघडला. दातवाला भारावून बाहेर पडला. त्याने खालच्या गावाला मनातल्या मनात वरच्याच्या दुप्पट मार्क देऊन टाकले.

दोन दिवसांनी तो परत ट्रायलला गेला, तेव्हा गल्ली नव्हती. गल्लीच्या जागी एक लांबलचक चर होता. मजूर आले होते, मन लावून खोदून गेले होते. किराणावाल्याचं दुकान एका बाजूला, गिऱ्हाईक दुसऱ्या बाजूला. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आत अडकली होती आणि मास्तर तिच्यात नुसते बसून होते. सगळी गल्ली कठड्यांवर, पायऱ्यांवर उभी होती आणि एकच चर्चा चालली होती. गटाराची तक्रार सगळ्यांनी वर्षानुवर्षं केली होती. गटारवाले म्हणायचे आधी रस्ता खोदून आणा, रस्तेवाले म्हणायचे आधी गटारवाल्यांचं पत्र आणा. त्यामुळे कधी काही झालं नव्हतं आणि सगळे निर्धास्त होते. मग हे खोदायला कोणी सांगितलं?

दातवाला चराच्या अलीकडे, हातात डबा घेऊन. त्याला वळून निघून जाता आलं असतं. तो तिथे राहत नव्हता. त्याचं नावगाव कोणाला माहीत नव्हतं. पलीकडे, टेकडीच्या माथ्यावर, लिफ्टवालं घर त्याच्या नुसत्या मान हलवण्याची वाट पाहत होतं. त्याने मान वळवूनही पाहिली. मग किराणावाल्याने, काही संशय न घेता, नेहमीच्या सुरात त्याला सांगितलं, की बघा दातवाले, कोणी शहाण्याने काय करून ठेवलंय.

"तो शहाणा मीच," दातवाला म्हणाला.

  मग नर्सबाईंनी विचारलं, "का हो, आम्ही तुमचं काय बिघडवलं होतं?"

त्याने सगळं सांगितलं. मेण, ट्रायल, बायकोची अट, सगळं. वर सोसायटीत एकटाच हसत होतो तेही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती, पण माणूस एकदा कबूल करायला लागला की त्याला कुठे थांबावं कळत नाही. शेवटी न्हावी म्हणाला, ते सगळं ठीक आहे, आता हे बुजवून आणा.

दातवाला परत नगरपालिकेत गेला. खोदणारे साहेब म्हणाले, आमचं काम खोदण्यापर्यंत. बुजवणं शेजारच्या खिडकीत. शेजारच्या खिडकीतल्यांनी रहिवासी पुरावा मागितला.

"खोदताना कोणी मागितला नाही," तो म्हणाला.

"खोदायला लागत नाही. बुजवायला लागतो. उद्या कोणीही यायचा आणि कुठलाही खड्डा बुजवून जायचा."

 दातवाल्याने तिथल्या बाकावर बसून विचार केला. कोणी दुसऱ्याने अर्ज करावा, तर साहेब म्हणाले, ज्याचा खड्डा त्याचाच अर्ज. म्हणजे तो खड्डा बुजवायचा तर दातवाल्याने त्या गल्लीत राहायला हवं होतं. तो चरावर टाकलेल्या फळीवरून तोल सांभाळत नर्सबाईंकडे गेला आणि अडखळत अडखळत सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा लावला, आणि हा माणूस माझ्या तळमजल्यावर भाडेकरू आहे असं लिहून सही केली. मग चष्मा काढून म्हणाल्या, "मी खोटं लिहीत नाही हं. आता राहायला यावं लागेल."

असं घर ठरलं. दातवाल्याने दोन गावं तोलली, मापली, चावून पाहिली, आणि घर घेतलं ते एक खड्डा बुजवायला.  

मजूर माती घेऊन आले. मुकादम घाईत होता. दातवाला सहज म्हणून चरात उतरला आणि खाली वाकून पाहिलं. जुना पाइप फुटलेला होता, आणि आत झाडाच्या मुळांनी घर केलं होतं. नवीन पाइप टाकल्याशिवाय वर माती टाकणं म्हणजे सुजलेल्या हिरडीवर कवळी दाबून बसवणं. ते त्याने उभ्या जन्मात केलं नव्हतं. तो म्हणाला, बुजवू नका. मुकादम म्हणाला, साहेब, अर्ज बुजवायचा आहे. किराणावाला वरून म्हणाला, अहो बुजवू द्या की, माझा धंदा बसलाय. दातवाला हटला नाही. मुकादमाने नगरपालिकेत फोन लावला, बराच वेळ नुसतं हो हो म्हणाला, आणि फोन खिशात ठेवून वैतागून म्हणाला, "अर्जदार तुम्ही. तुमच्या सहीशिवाय काम पूर्ण झालं असं आम्हाला दाखवता येत नाही."

 आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या हो म्हणण्यावाचून कोणाचं तरी अडलं होतं. ही चव त्याला नवीन होती. त्याने ती नीट चघळली आणि मग म्हणाला, नवीन पाइप आल्याशिवाय सही नाही. वर ड्रायव्हिंगच्या मास्तरांनी अडकलेल्या गाडीचा हॉर्न वाजवला. त्याचा अर्थ पाठिंबा असा घ्यायचा, असं गल्लीने ठरवलं. किराणावाल्याने जरा वेळ तोंड फुगवलं, आणि मग चराच्या दोन्ही बाजूंना एक एक टोपली बांधून दोरीवरून सामान द्यायला सुरुवात केली. ती गंमत बघायला शेजारच्या गल्लीतून गिऱ्हाईक यायला लागलं.

रविवारी मेव्हणा किल्ली नाचवत घरी आला. टेम्पो सांगितलाय, सोसायटीला मी समजावलंय, ते हसण्याचं प्रकरण मिटवलंय, असं त्याने एका दमात सांगितलं. "तेव्हा भावोजी, हलवा मान."

दातवाल्याने मान घट्ट धरून ठेवली. "मी खालच्या गावात घर घेतलंय."

"काय? का?"

"खड्डा बुजवायला."

मेव्हण्याने बहिणीकडे पाहिलं. बहीण नवऱ्याकडे पाहत होती. दातवाल्याला वाटलं, आता शब्द मोडेल. त्याने मनातल्या मनात मशीनची माफी मागायला घेतली. पण ती एवढंच म्हणाली, "चला, बघू तरी."

मेव्हण्याची गाडी गल्लीच्या तोंडाशीच थांबली. पुढे चर होता. चरात नवा कोरा पाइप, आणि दोन्ही काठांवर झाडून सगळी गल्ली, हातात बादल्या, घागरी, टब घेऊन. मुकादम सहीचा कागद धरून घाम पुसत होता. नर्सबाईंनी ठरवलं होतं, की सही करायच्या आधी सगळ्यांनी एकदम पाणी ओतायचं. पाणी गेलं तर सही, तुंबलं तर मुकादम इथेच जेवेल. आणि ओता असं म्हणायचा मान दातवाल्यांचा.

"या वहिनी, तुमच्यासाठीच थांबलोय," नर्सबाई म्हणाल्या. वहिनी गोंधळल्या. या गल्लीत त्या कधी आल्या नव्हत्या, आणि इथे बायका त्यांना विचारत होत्या, की जाड पडद्याला अस्तर घ्यावं का. कोणीतरी त्यांच्याही हातात बादली दिली.

दातवाला फळीवर चढला. दोन्ही बाजूंनी शंभर डोळे त्याच्यावर. त्याचा आवाज तसा बारीक. घरात तो पाणी मागायचा तेव्हा दोनदा मागावं लागायचं. त्याने घसा खाकरला आणि म्हणाला, "ओता."

सगळ्या गल्लीने एकदम ओतलं. पाणी धबाधबा मोऱ्यांतून, जाळ्यांतून, पायऱ्यांवरून आलं. क्षणभर ते तोंडाशी गोल गोल फिरलं. मग पाइपने एक मोठा घोट घेतला, आणि मग दुसरा, आणि गटगट गटगट करत सगळं पिऊन टाकलं. शेवटी तळाशी एक ढेकर आली. गल्ली अशी ओरडली, की वरच्या गावातही कोणीतरी काच वर केली असेल. न्हाव्याने मुकादमाला मिठी मारली. किराणावाल्याने स्टूल डोक्यावर घेतलं. दातवाल्याने सही केली. लांबलचक, ऐसपैस, दोन ओळी अडवून केली, आणि कोणी त्याला लवकर आटप म्हणालं नाही.

मेव्हण्याचे बूट पाण्यात गेले होते. तो म्हणाला, "तू इथे राहणार?"

"दादा, आधी बूट धू," बहीण म्हणाली.

पण त्याहून जास्त ती काही बोलली नाही. सामान आलं, चर बुजला, खोल्या लागल्या. तिने खिडक्यांची मापं घेतली, दोन बायकांचे पडदे शिवायला घेतले. चेहरा मात्र तसाच, दुसऱ्याच्या घरी आल्यासारखा, कशाला हात न लावता. आवडलं का असं दातवाल्याने विचारलं नाही. कवळी बसवल्यावर लगेच कसं वाटतंय विचारलं तर पेशंट खरं सांगत नाही. तो नुसता वाट पाहत राहिला, आणि वाट पाहता पाहता त्याचं वजन कमी झालं.

आणि मग एका सुट्टीच्या सकाळी तो चहा पीत असताना बाहेर आवाज चढला. वरच्या मजल्यावरच्या, ड्रायव्हिंग मास्तरांच्या मास्तरीणबाईंनी आपल्या चटया झटकल्या होत्या, आणि सगळी धूळ बायकोने वाळत घातलेल्या गिऱ्हाइकाच्या कापडावर. दातवाल्याला माहीत होतं काय होणार. आधीच्या दोन्ही घरांत असं झालं की ती मुकाट्याने कापड उचलून आत यायची आणि म्हणायची, जाऊ दे, आपल्याला कुठे इथे जन्म काढायचाय. कोणाशी भांडायला निदान काही दिवस राहायचा तरी बेत लागतो.

आज ती आत आली नाही. पदर खोचून ती अंगणात उभी राहिली, आणि वर बघत तिने सुरुवात केली. मास्तरीणबाईही कमी नव्हत्या. चटयांवरून जिन्यावर, जिन्यावरून मास्तरांच्या गाडीच्या हॉर्नवर, हॉर्नवरून वळणावर. किराणावाला स्टूल घेऊन बाहेर आला. नर्सबाईंनी खिडकी उघडली. बायकोचा आवाज असा मोकळा, असा खणखणीत निघत होता, की दातवाल्याने तो एवढ्या वर्षांत ऐकलाच नव्हता.

"आज नाही सांगितलं तर रोज ऐकून घ्यावं लागेल," ती वर ओरडली. "मला इथे कायमचं राहायचंय, कळलं?"

दातवाल्याने कप खाली ठेवला. उठला, आणि अर्धवट लोटलेलं दार त्याने पुरतं उघडून दिलं, गल्लीच्या पार टोकापर्यंत सगळ्यांना नीट ऐकू जावं म्हणून.